आधी स्विच पाडायचा

आमच्या घरमालकांचा आवाज मोठा होता. ते दूधवाल्याला हाक मारायचे ती राहनाळच्या नाक्यापर्यंत जायची. मी त्यांना काका म्हणायचो, मला ते 'वरच्या' म्हणत. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचो, म्हणून वरच्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, भाडेकरार करताना त्यांनीच दोनदा विचारून घेतलं होतं, पण आठ वर्षांत ते त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. "ए वरच्या, जेवलास का?" असं ते रोज जिन्याखाली उभं राहून ओरडत, आणि मी मान हलवेपर्यंत तिथून हलत नसत. मी नगरकडून इथल्या गोडाऊनमध्ये नोकरीला आलेला एकटा जीव. परगावात आपल्या जेवणाची चौकशी कुणी करतंय, मग ओरडून का होईना, याचं मला फार बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून काका वाईट होते असं कुणाला वाटेल. ते वाईट नव्हते. त्यांची आठवण आली की मला आधी माया वाटते, आणि लगेच तिच्या मागून भीती येते.

काकांचे कान यंत्रमागांनी खाल्ले होते. घरची जमीन होती, पण चिखलात उतरायचं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून वडिलांनी चार माग घेऊन दिले. कारीगर गावाला गेले की काका स्वतः मागावर उभे राहत. तीस वर्षं ती धडधड ऐकली. पुढे माग भंगारात गेले, शेड कुणा पार्सलवाल्यांना गोडाऊनसाठी दिली, पण कानातली धडधड काही गेली नाही. मागाच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळा कारभार खुणांवर चालतो. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, प्रत्येकाला खूण. शेठ येताना दिसला तर न उगवलेल्या मिशीला पीळ द्यायचा. काका घरातही तसेच वागत. पाणी हवं असलं की अंगठा ओठाला. काकी कधी चिडून म्हणायच्या, "तोंडानी मागा, मी काय कारीगर हाय?" त्यावर काका मिशीला पीळ द्यायचे.

त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ते बोट म्हणजे काकांचं सगळं तत्त्वज्ञान. मला त्यांनी ती गोष्ट किमान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी माझ्या तोंडासमोर ते बोट नाचवून. शेडमध्ये एक खूण सगळ्यांत मोठी. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरायचे. म्हणजे कुणीतरी मशीनमध्ये अडकलंय. ही खूण ज्याला दिसेल त्याने पळत जाऊन मेन स्विच पाडायचा. काय झालं, कुणाला झालं, ते नंतर. काकांचा हात पट्ट्यात गेला तेव्हा शेजारच्या मागवाल्याने हात आडवे धरले. पण स्विचजवळचा कारीगर नवा होता. त्याने आधी मान वर करून 'क्या हुआ?' अशी खूण केली.

"त्यानी इचारला," काका म्हणायचे, "आणि तेवढ्यात माझा बोट गेला. म्हनून सांगतंय. आधी सुच पाडायचा. मग इचारायचा."

तेव्हा मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. गोडाऊनमध्ये नवी पोरं आली की मीही त्यांना ही गोष्ट सांगायचो.

टीव्ही त्यांच्या घरात उशिरा शिरला असं काकी सांगत. शिरला तो बातम्यांसकट. आता बहिऱ्या माणसाची अडचण बघा. सून हळू बोलणारी, मुलगा तोंडातल्या तोंडात बोलणारा, नात तर चिमणीएवढी. या घरात काकांना स्पष्ट ऐकू येईल असं बोलणारा एकच माणूस होता, तो बातम्यांवाला. तो रोज संध्याकाळी ओरडायचा. त्याच्याबरोबर आणखी सहा जण चौकटींमधून ओरडायचे. काका खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसायचं की बऱ्याच वर्षांनी कुणीतरी आपल्याशी धड बोललं.

"घरात सगली कुजबुजतात," ते मला म्हणाले होते. "ह्यो एक मानूस मना नीट सांगतो."

तो काय सांगायचा? घाबरा, एवढंच. आज या लोकांना घाबरा, उद्या त्या. काका जन्मभर ज्या रस्त्याने बाजारात जात होते, जिथल्या माणसांबरोबर त्यांनी माग चालवले, ईदला ज्यांच्याकडचा डबा घरी यायचा, त्या रस्त्याने जायचं त्यांनी बंद केलं. काही झालं होतं का? काही नाही. "होनार हाय," काका म्हणायचे. डबा आला तर काकी मागच्या दाराने घ्यायच्या.

मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये होता. शिकलेला, शांत, पण त्याच्या कानात सदा ते इअरफोनचं पांढरं बोंडूक. त्याचाही एक ओरडणारा होता, मोबाईलमधला, फक्त तो उलट बाजूने ओरडायचा. बापाचा माणूस म्हणायचा हे देश बुडवणार, मुलाचा म्हणायचा हे नाही, ते बुडवणार. जेवताना दोघे एकमेकांना व्हिडिओ पाठवायचे. एकाच चटईवर बसून! बापाने पाठवलेला मुलगा न बघता पुसायचा, मुलाने पाठवलेला बाप अर्धा बघून शिवी हासडायचा. फोनवर बापाला ऐकू येत नाही, म्हणून मुलगा त्याला कामाचंही लिहूनच कळवायचा, आणि तेही त्याच ढिगात पडायचं. काकी मला म्हणाल्या होत्या, "एकाचा कान फुटलाय, दुसऱ्याचा बुजलाय. मी कोनाशी बोलू?" मला हसू आलं होतं. त्या हसल्या नव्हत्या.

काकांच्या मोबाईलवर येईल ते पुढे जायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं बोट लावलं काचेला. मीठ बंद होणार असा मेसेज एकदा आला, तेव्हा त्यांनी टेम्पोभर मीठ आणून जिन्याखाली रचलं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं आणि माझ्या पायऱ्या ऑक्टोबरपर्यंत ओल्या राहिल्या. मी घसरून पडलो, तेव्हा काकांनीच मला उचलून डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत समजावलं, "मीठ बंद झाला असता तर तुनाबी दिला असता."

मग पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज सुरू झाले. धुरकट व्हिडिओ, कुठले कोण जाणे. कुणी बाई पोराला कडेवर घेऊन चाललेली, कुणी माणूस गाडीचं दार उघडणारा, आणि वरती कुणाचा तरी घाबरलेला आवाज: आपल्या भागात फिरतायत, पांढरी गाडी आहे, पोरं सांभाळा. डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई दर आठवड्याला रानभाजी घेऊन यायची. तिला काकांनी फाटकातून परत पाठवलं. तिच्या पाठीवर तिचंच पोर होतं. ते कुणाचं, असं काकांनी तिला खरंच विचारलं. ती बाई घाबरून पाटी तिथेच टाकून गेली, आणि ती का पळाली, याचा काकांनी त्यांना हवा तोच अर्थ लावला.

मी हसलो का? नाही. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. मी मुळात भित्रा. आणि सकाळ-संध्याकाळ ज्याच्या टीव्हीचा आवाज फरशीतून वर येतो, त्या माणसाची भीतीही त्याबरोबर वर येते. गोडाऊनमधून घरी येताना पांढरी गाडी हळू झाली की माझी नजर आत जायची.

काकांचा सगळा जीव त्या नातीत होता. सहा वर्षांची, दोन वेण्या, बोलायला लागली की थांबायची नाही. त्यांना ऐकू येत नाही हे तिने कधी मनावर घेतलं नाही. ती त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि सावकाश बोलायची. घरात बातम्यांवाल्याशिवाय काकांना कळायचं ते तिचंच. मेसेज सुरू झाल्यावर त्यांनी तिची शाळा चार दिवस बंद केली. त्यावरून घरात असा स्फोट झाला की सुनेने बॅग भरली. "आम्ही कल्याणला खोली घेतो," ती म्हणाली, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने की काकांना ऐकू गेलं. त्या दिवशी काका घाबरले. शाळा सुरू झाली. पण शाळेची व्हॅन यायच्या वेळी ते रोज ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले.

तो दिवस मला तारखेने आठवत नाही, उन्हाने आठवतो. सुनेची आई घरात पडली होती, म्हणून सून आणि काकी सकाळीच कल्याणला गेल्या होत्या. मागून असं ठरलं की नातीलाही तिकडेच न्यायचं. सुनेचा भाऊ, म्हणजे पोरीचा मामा, व्हॅन थांबते तिथेच गल्लीच्या तोंडाशी गाडी घेऊन थांबला. गाडी त्याने आठवड्यापूर्वीच घेतलेली. पांढरी. धूळ फार, म्हणून तोंडाला रुमाल. पोरगी व्हॅनमधून उतरली ती घराकडे पळायला लागली. तिला आजोबांना सांगून जायचं होतं. मामाला घाई होती. तो म्हणाला, नंतर कळवू त्यांना. तिने भोकाड पसरलं, त्याने तिला उचललं आणि गाडीत बसवलं.

ओट्यावरून काकांना काय दिसलं, ते आता तुम्हीच बघा.

ते धावले. गाडी गेली होती. नंबरातले शेवटचे चार आकडे त्यांच्या डोळ्यांत राहिले. आणि मग त्यांनी, आयुष्यभर जे शिकले होते ते केलं. गावाच्या ग्रुपवर त्या आकड्यांसकट आवाजाचा मेसेज सोडला: "माझी नात नेली! पांढरी गाडी! धरा त्याला, धरा!"

मी तेव्हा गोडाऊनमध्ये माल मोजत होतो. तो आवाज मी ओळखला. त्या आवाजात ते रडत होते. माझ्या पाचावर धारण बसली. मुलाला फोन करावा, काकींना फोन करावा, असं मला सुचलं नाही असं मी कितीही म्हटलं तरी ते खरं नाही. सुचलं होतं. पण आधी मी तो मेसेज आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'खरं आहे. माझ्या घरमालकांची नात आहे. सोडू नका.' गावाच्या ग्रुपवर फार तर गाव असतं. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर रस्ते असतात.

कल्याणच्या रस्त्यावर, कोन गावाच्या अलीकडे गाडी अडवली. टेम्पोवाले, रिक्षावाले, वाटेवरचे, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मामाला ओढून बाहेर काढलं. तो 'भाची आहे, भाची आहे' म्हणत होता, आणि प्रत्येक चोर असंच म्हणतो, हे सगळ्यांना मोबाईलवरून माहीत होतं. पोरगी काचेआड बसून ते बघत होती. शेवटी रस्त्याकडेला बसणाऱ्या एका भाजीवालीने दार उघडून तिलाच विचारलं, "हा कोन लागतो गं तुझा?" पोरीने 'मामा' म्हटलं तेव्हा लोकांचे हात थांबले, म्हणतात.

मामा वाचला. हात दोन ठिकाणी मोडला आणि एका डोळ्याने त्याला अजून धुरकट दिसतं.

दवाखान्याच्या बाहेर आम्ही उभे होतो. मुलाने काकांच्या हातातून फोन घेतला आणि अंगठ्याने वर सरकवत गेला. देवाचे फोटो, गुड मॉर्निंग, पांढऱ्या गाड्या, पोरं, रक्त. या सगळ्याच्या खाली त्याचाच सकाळचा मेसेज होता. 'बाबा, मामा दुपारी पोरीला व्हॅनवरून कल्याणला नेतोय. काळजी करू नका.' उघडलाच नव्हता. त्याने तो बापाच्या डोळ्यांसमोर धरला. काकांनी वाचला. पुन्हा वाचला.

"मी तर फक्त सुच पाडला," ते मला म्हणाले. मुलाकडे त्यांना बघवत नव्हतं. माझ्याकडेच बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पोलिसांनी काकांना दोनदा बोलावलं, मला एकदा. माझं लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं. काकांनाही दाखवलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामाच्या घरच्यांनी बहिणीच्या संसाराकडे बघून प्रकरण ताणलं नाही. पण संसार तिथे राहिला नाहीच. पंधरा दिवसांत मुलगा, सून आणि नात कल्याणला गेली. काकी फाटकात दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पोरीबरोबर जातंय. ती झोपंत दचकते." जाताना पोरगी गाडीच्या मागच्या सीटवर मान खाली घालून बसली होती. काकांनी काचेवर हात ठेवला. तिने वर पाहिलं नाही. तिला त्यांचा राग आला नव्हता. ती घाबरली होती, मला स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतर काका बदलले, पण मला वाटलं होतं तसे नाही. मला वाटलं, टीव्ही फोडतील. टीव्ही चालूच राहिला. फरक एवढाच, की आधी ते सगळ्यावर विश्वास ठेवत आणि आता कशावरच ठेवत नसत. दुधाने तोंड पोळलं म्हणून माणूस ताक फुंकून पितो, काका पाणीही फुंकू लागले. मोबाईल घेऊन जिना चढून यायचे. "हे खरं हाय का?" पाण्याचा टँकर येणार, खरं हाय का? लाईट जाणार, खरं हाय का? एकदा त्यांच्या स्वतःच्या चुलतभावाच्या तेराव्याचा निरोप आला, तो घेऊन आले. भाऊ गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, खांदा देऊन आले होते. तरी विचारलं.

मी दर वेळी सांगायचो, खरं आहे, किंवा खोटं आहे. ते ऐकायचे आणि खाली जाऊन कडी लावायचे. कड्या वाढत गेल्या. फाटकाला साखळी, दाराला आतून लाकडी आडणा.

जवळजवळ वर्षाने, एका रविवारी सकाळी ते वर आले. फोन दोन्ही हातांत धरलेला. अनोळखी नंबरावरून आवाजाचा मेसेज होता. त्यांनी तो पूर्ण आवाजात माझ्या कानाशी लावला. "आजोबा, आज माझा वाढदिवस आहे. तुम्ही या ना. आई काही नाही बोलणार. मी पण नाही घाबरणार." मागून काकी म्हणत होत्या, "या आता. झाला तेवढा पुरे."

मी म्हणालो, "काका, चला. मी येतो बरोबर. आत्ता निघू."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"टीव्हीवर दाखवला," ते म्हणाले. "मशीन आता कोनाचाबी आवाज काढते. पोराचा, बायकोचा. मानसाला बोलावतात न मग..."

"काका, तिचाच आवाज आहे. मी ओळखतो. खरं आहे."

"तवाबी तू हेच लिवलास," काका म्हणाले. "खरं आहे. पोलिसांनी मना दावला."

ते खाली गेले. मी साखळीचा आवाज ऐकला, मग आडण्याचा.

तो नंबर मी पाहून ठेवला होता. मी फोन लावला. सून उचलेल असं वाटलं होतं, पण पोरीनेच उचलला. मी माझं नाव सांगितलं. तिने मला मध्येच तोडलं. "आजोबा निघाले का?"

मी म्हणालो, "हो. निघालेत."

आणि ते खरं करायला मी जिना उतरून धावलो. दार वाजवून उपयोग नव्हता, म्हणून खिडकीशी गेलो. काका खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत चपला. मांडीवर रंगीत कागदात बांधलेला खोका. म्हणजे ते तयार झाले होते. मी गजांतून हात घालून पडदा सारला, फोनकडे बोट केलं, बाहेर बोट केलं, हात जोडले. ते खोका छातीशी धरून उठले. मला वाटलं, दाराकडे वळतील.

ते भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकले आणि माझ्याकडे बघत ओरडले, "तुना कोनी पाठवलं?"